रतन टाटा आणि पसारा आवरण्याचा हिशेब

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात रतन टाटा गेले. पुढचे आठ दिवस आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर तेच होते. कुत्र्यांवरचं प्रेम, पावसात भिजत स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून सुचलेली नॅनो, २६/११ नंतर ताजच्या कर्मचाऱ्यांच्या घरी जाऊन केलेली विचारपूस. शाळेत निबंध लिहायला सांगितला तर मुलांनीही हेच लिहिलं असतं. यातलं खोटं काही नाही. पण ज्या कामात या माणसानं आयुष्याची एकवीस वर्षं घातली, ते काम या सगळ्या संदेशांतून गायब होतं. ते काम होतं पसारा आवरण्याचं.

मला त्याबद्दल लिहायचं आहे, कारण पसारा आवरण्याची भाषा आता फक्त कंपन्यांची राहिलेली नाही. शाळांचा पट मोजला जातो, पदं अतिरिक्त ठरतात, संस्था एकमेकींत मिसळल्या जातात. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला ही भाषा रोज ऐकावी लागते. म्हणून ज्यानं देशातला सगळ्यात मोठा पसारा आवरला, त्यानं तो कसा आवरला, कुठे नीट आवरला आणि कुठे नाही, हे पाहणं आपल्या उपयोगाचं आहे.

आधी माणूस. २८ डिसेंबर १९३७ ला मुंबईत जन्म. वडील नवल टाटा हे मूळचे अनाथाश्रमातले. सर रतन टाटांच्या विधवा पत्नी नवाजबाई यांनी त्यांना दत्तक घेतलं होतं. रतन दहा वर्षांचे असताना आईवडील वेगळे झाले आणि त्यांना आजी नवाजबाईंनी वाढवलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलं. तिथेच राहायचा विचार होता, पण आजीची तब्येत बिघडली आणि १९६२ मध्ये ते परत आले. जमशेदपूरला पोलाद कारखान्यात कामगारांबरोबर काम केलं. म्हणजे घराणं मोठं, पण सुरुवात थेट गादीवरून झाली नाही.

१९७१ मध्ये त्यांच्याकडे नेल्को ही रेडिओ बनवणारी, तोट्यात बुडालेली कंपनी आली. १९७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल आली. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो.

एम्प्रेस मिल म्हणजे टाटांच्या उद्योगाचा पाया. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, जमशेदजी टाटांनी ती नागपुरात सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी तिथे १८८६ मध्ये सुरू झाला आणि अपघाताची भरपाई १८९५ मध्ये. त्या काळात देशात कुठल्याही कायद्यानं असं काही करायला लावलेलं नव्हतं. शंभर वर्षांनी तीच मिल आजारी पडली. यंत्रं जुनी, कामगार जास्त, माल जाडाभरडा आणि त्याला बाजार उरलेला नाही. रतन टाटांनी ती सावरली, एकदा लाभांशही जाहीर करून दाखवला. पण यंत्रांसाठी आणखी पैसे हवे होते. बॉम्बे हाऊसमधल्या वडीलधाऱ्या संचालकांनी, विशेषतः नानी पालखीवालांनी, मिल गुंडाळण्याची बाजू घेतली. १९८६ मध्ये टाटांनी ती बंद केली. पुढे ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि तिथेही कायमची थांबली. आता त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे. एम्प्रेसला त्या वेळी फक्त ५० लाख रुपये हवे होते, असं रतन टाटा नंतर एका मुलाखतीत म्हणाले होते.

पुढे दुसऱ्यांचं काय बंद करायचं आणि काय विकायचं हे ठरवणाऱ्या या माणसानं आधी स्वतःच्या हातातली मिल वरच्यांच्या निर्णयानं बंद होताना पाहिली होती. ५० लाखांचा प्रश्न होता आणि निर्णय घेणारे नागपुरात राहत नव्हते. सोलापूरच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गिरणीची चिमणी थंड झाल्यावर गल्लीतल्या चुली कशा थंड होतात, हे आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी पाहिलं आहे.

२५ मार्च १९९१ ला जेआरडी टाटांनी टाटा सन्सचं अध्यक्षपद रतन टाटांकडे दिलं. जेआरडी १९३८ पासून त्या खुर्चीवर होते. त्यांची पद्धत अशी की चांगला माणूस नेमायचा आणि त्याला मोकळा सोडायचा. त्यातून मोठी माणसं घडली, पण तीच माणसं पुढे सुभेदार झाली. टाटा स्टीलमध्ये रुसी मोदी, टाटा केमिकल्स आणि टाटा टीमध्ये दरबारी सेठ, ताज हॉटेलांत अजित केरकर. कंपनी टाटांची, पण राज्य सुभेदाराचं.

यामागे एक कायदेशीर कारणही होतं. पूर्वी व्यवस्थापकीय अभिकर्ता नावाची पद्धत होती. तिच्या जोरावर थोडे शेअर असूनही टाटा सन्स सगळ्या कंपन्यांचा कारभार पाहू शकत होती. १९७० मध्ये सरकारनं ती पद्धत रद्द केली. मग उरला नुसता शेअरचा हिस्सा, आणि तो टाटा स्टील आणि टेल्कोसारख्या कंपन्यांतसुद्धा जेमतेम तीन-चार टक्के होता. घरावर पाटी आपली, पण सातबारा आपला नाही अशी अवस्था. त्यात जुलै १९९१ मध्ये देशाचा बाजार खुला झाला. परदेशी कंपन्यांना दारं उघडली. अशा वेळी साबणापासून सिमेंटपर्यंत आणि पोलादापासून लिपस्टिकपर्यंत पसरलेलं हे खटलं कसं चालवायचं, हा प्रश्न नव्या अध्यक्षापुढे होता.

त्यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, निवृत्तीचं वय ठरवलं. कार्यकारी पदावरच्या माणसानं ६५ व्या वर्षी जायचं आणि बिगरकार्यकारी संचालकानं ७५ व्या वर्षी. हा नियम कागदावर अगदी साधा दिसतो. पण सुभेदारांची राजवट त्यानंच संपवली. रुसी मोदी १९९३ मध्ये गेले आणि जाताना वर्तमानपत्रांतून बरीच धुळवड झाली. केरकर १९९७ मध्ये गेले. छाटणीची पहिली कात्री शेंड्याला लागली, बुडख्याला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, मालकी पक्की केली. टाटा सन्सचा महत्त्वाच्या कंपन्यांमधला हिस्सा हळूहळू २६ टक्क्यांच्या दिशेनं आणि त्याच्या वर नेला. टाटा हे नाव वापरायचं तर कंपनीनं एक आचारसंहिता पाळायची आणि उलाढालीतला लहानसा वाटा टाटा सन्सला द्यायचा, असा करार केला. यावर तेव्हा टीका झाली. आपल्याच नावाचं भाडं काय घ्यायचं, असं लोक म्हणाले. पण नावाला किंमत लावली की ते नाव सांभाळण्याची जबाबदारीही अंगावर येते, हा त्यामागचा विचार होता.

तिसरी गोष्ट, जे आपलं काम नाही ते सोडलं. आणि इथे ती गोष्ट आपल्या न्हाणीघरापर्यंत येते. ५०१ चा बार, हमाम, दिवाळीच्या पहाटेचा मोती साबण, हे सगळं टाटांच्या टाटा ऑइल मिल्सचं होतं. आपल्याकडे ईदच्या आणि दिवाळीच्या आंघोळीला एकाच कारखान्याचा साबण असायचा म्हणा ना. १९९३ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करायचं ठरलं. लिव्हरच्या कर्मचारी संघटनेनं विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९४ मध्ये न्यायालयानं विलीनीकरण मान्य केलं. लॅक्मे १९९८ मध्ये लिव्हरकडेच गेली. त्या पैशातून ट्रेंट ही कंपनी आणि वेस्टसाइडची दुकानं उभी राहिली. एसीसी सिमेंटमधला हिस्सा शतक संपता संपता गुजरात अंबुजाला विकला. मर्क शार्पच्या भारतीय शाखेतून झालेली मेरिंड ही औषध कंपनी हबिल खोराकीवाला यांच्या वोक्हार्टकडे गेली.

विकलेल्या कंपन्या सगळ्या मेलेल्या नव्हत्या, हेही लक्षात घ्यायला हवं. साबण खपत होता, लॅक्मेचं नाव घराघरात होतं. प्रश्न असा होता की जगातल्या मोठ्या साबणवाल्याशी पुढची तीस वर्षं लढायची ताकद आपल्यात आहे का, आणि ती ताकद तिथे लावावी की दुसरीकडे. जिथे लावायची ठरली तिथे त्यांनी जीव ओतला. १९९८ मध्ये इंडिका गाडी आली, सुरुवातीला तिनं कंपनीला जबर तोटा दिला, पण ती सोडली नाही. २००४ मध्ये टीसीएसचे शेअर बाजारात आणले. २००० मध्ये टेटली चहा, २००७ मध्ये कोरस पोलाद, २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर. ते निवृत्त झाले तेव्हा समूहाची उलाढाल सुमारे १०० अब्ज डॉलरवर गेली होती. कंपन्यांची संख्या मात्र शंभराच्या आसपासच होती. म्हणजे आवरणं याचा अर्थ संख्या कमी करणं असा त्यांनी घेतला नाही. काय कशासाठी आहे आणि त्याला जबाबदार कोण, हे स्पष्ट करणं म्हणजे आवरणं.

आमच्या माढा तालुक्यात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा आहेत. छाटणी हा शब्द इथे कुणाला शिकवावा लागत नाही. पण चांगला बागायतदार कात्री चालवून निघून जात नाही. डाळिंबाच्या कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावतो, नाहीतर तिथूनच रोग आत शिरतो. कंपनीच्या छाटणीत ही पेस्ट कोण लावतो, हा माझा खरा प्रश्न आहे. आणि या परीक्षेत रतन टाटांचा निकाल संमिश्र आहे.

जमशेदपूरला तो चांगला आहे. टाटा स्टीलमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ७८ हजार कर्मचारी होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत ही संख्या जवळपास निम्म्यावर आली. एवढी माणसं कमी झाली तरी त्या गावात आग लागली नाही. कारण कंपनीनं लवकर निवृत्तीची अशी योजना आणली की, जो जाईल त्याला त्याच्या निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा पगारासारखी रक्कम मिळत राहील. एकदाच गठ्ठा हातात देऊन रस्त्यावर सोडलं नाही. महिन्याच्या महिन्याला घरात पैसे आले, मुलांच्या शाळा चालू राहिल्या. कंपनीला ते महाग पडलं असेलच. पण त्या किमतीची तयारी ठेवूनच छाटणी केली.

पुण्यात तो तसा नाही. १९८८ च्या अखेरीस रतन टाटा टेल्कोचे अध्यक्ष झाले आणि लगेच पिंपरीच्या कारखान्यात राजन नायर यांच्या संघटनेशी संघर्ष पेटला. मारहाणीचे प्रकार झाले, व्यवस्थापनातल्या लोकांवर हल्ले झाले, ते कुणीही समर्थन करण्यासारखे नव्हते. व्यवस्थापनानं दुसऱ्या संघटनेशी वेतनाचा करार केला. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषणाला बसले आणि अखेर पोलिसांनी पहाटे त्यांना उचललं. उद्योगजगतात ही घटना रतन टाटांच्या खंबीरपणाची पहिली परीक्षा म्हणून सांगतात. कामगारांच्या बाजूनं ती कुणी फारशी सांगत नाही. आपल्या भागातून पिंपरी-चिंचवडला गेलेल्या मुलांची आजची स्थिती पाहिली, कंत्राटदाराच्या रजिस्टरवर अकरा महिने काम, मग सुट्टी, मग पुन्हा नवा कागद, तर १९८९ नंतर कामगाराच्या हातातली ताकद कुठे गेली हा प्रश्न पडतोच. त्याचं खापर एका माणसावर फोडता येणार नाही. पण त्या बदलाच्या सुरुवातीला तेही एका बाजूला उभे होते, हे विसरूनही चालणार नाही.

आणि इंग्लंडच्या बाजूला, वेल्समध्ये, तो निकाल त्यांच्या हयातीतच लागला. २००७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलर देऊन घेतलेल्या कोरसचा मोठा कारखाना पोर्ट टॅलबॉटला आहे. वर्षानुवर्षं तोटा होत राहिला. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची झोतभट्टी विझली. ब्रिटनमध्ये टाटा स्टीलच्या सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार असं ठरलं होतं. त्यानंतर नऊ दिवसांनी रतन टाटा गेले. ज्यानं पसारा आवरला त्यानंच पुढे हौसेनं एक नवा पसारा मांडला, असं म्हणायला इथे जागा आहे.

स्वतःला लावलेल्या नियमाबाबतही तसंच. ६५ पूर्ण झाल्यावर २००२ मध्ये त्यांनी कार्यकारी पद सोडलं, पण बिगरकार्यकारी अध्यक्ष म्हणून राहिले. मधल्या काळात अशा संचालकांची मर्यादा ७० वर आणली होती, ती २००५ मध्ये पुन्हा ७५ केली गेली. तरीही ज्या दिवशी ७५ पूर्ण झाली त्या दिवशी, २८ डिसेंबर २०१२ ला, ते उठले. पुढे २४ ऑक्टोबर २०१६ ला सायरस मिस्त्रींना हटवलं गेलं, रतन टाटा काही महिने पुन्हा हंगामी अध्यक्ष झाले आणि तो वाद मार्च २०२१ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. निकाल टाटा सन्सच्या बाजूनं लागला. पण खुर्ची सोडणं आणि खुर्चीवरचा हात सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसलं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर कुणी म्हणेल, अब्जावधींच्या या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? संबंध टाटा सन्सच्या मालकीत आहे. या कंपनीचे सुमारे ६६ टक्के शेअर कुणा कुटुंबाचे नाहीत, धर्मादाय विश्वस्त संस्थांचे आहेत. सर रतन टाटांच्या निधनानंतर १९१९ मध्ये एक संस्था झाली, सर दोराबजींची १९३२ मध्ये. त्यांच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याची संस्था उभी राहिली, १९४१ मध्ये टाटा मेमोरिअल रुग्णालय. ते रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, पण नाव तेच राहिलं. आमच्या शेजारच्या बार्शीला १९८७ पासून जी ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तिलाही टाटा मेमोरिअलचा हात लागलेला आहे. माढ्याच्या किती घरांतले रुग्ण त्या वाटेनं गेले असतील!

मालमत्ता लोकांसाठी बांधून ठेवायची, तिचं मूळ विकून खायचं नाही, उत्पन्न गरजूंवर खर्च करायचं आणि सांभाळणाऱ्यानं स्वतःला मालक समजायचं नाही. वाचकहो, ही कल्पना आपल्याला ओळखीची नाही का? आपण तिला वक्फ म्हणतो, आणि सांभाळणाऱ्याच्या हातात असते तिला अमानत म्हणतो. पारशी समाजानं आपल्या पद्धतीनं हेच केलं. संख्येनं ते देशात लाखभरही नाहीत. आपल्याकडे कल्पना जुनी आहे, जागा आहेत, इमारती आहेत, भावना तर भरपूर आहे. कमी आहे ती घडी बसवण्याची.

२०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर आपण तावातावानं बोललो. बोलायलाच हवं होतं, कारण आपली घडी दुसऱ्यानं येऊन बसवावी हे कुणालाच मान्य होणार नाही. पण मग ती आपण कधी बसवणार? आपल्या किती शिक्षणसंस्थांच्या घटनेत अध्यक्षांचं निवृत्तीचं वय लिहिलेलं आहे? किती ठिकाणी सदरसाहेब वीस-वीस वर्षं तेच आहेत आणि नंतर मुलगा येतो? शिक्षकाला ५८ व्या वर्षी हार घालून घरी पाठवतो तो हात मात्र ८० व्या वर्षीही सहीच्या शिक्क्यावरून उठत नाही. यात सगळे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांतल्या कित्येकांनी पदरमोड करून शाळा उभ्या केल्या, त्यांच्यामुळेच आमच्यासारखे शिकले. रुसी मोदींनीही टाटा स्टील मोठी केलीच होती. प्रश्न माणसाच्या गुणांचा नाही. ज्यानं रोप लावलं त्यालाच ते कायम आपलं वाटू लागतं, म्हणून नियम माणसाआधी लिहून ठेवायचा असतो.

आता दुसरी बाजू, सरकारची. २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा सुरू झाली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासननिर्णयानं कमी पटाच्या वर्गांची शिक्षकपदं धोक्यात आली. कागदावर हे बरोबर दिसतं. दहा मुलांना दोन शिक्षक कशाला? पण लहान गावातली उर्दू शाळा घ्या. तिथे पट कमी असणारच, कारण मोहल्लाच शंभर घरांचा आहे. ती शाळा आठ किलोमीटरवरच्या शाळेत मिसळली की मुलगे सायकलवर किंवा वडापनं जातील, काही दिवस. मुलींचं काय होईल हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. सातवीनंतर घरी बसवायला कारण हवंच असतं, ते आपण सरकारी शिक्का मारून देतो.

मी उर्दू शाळा आहे तशीच ठेवा असा हट्ट धरणारा नाही. जिथे पोरं मराठी शाळेत आनंदानं शिकतात तिथे त्यांना शिकू द्या. मराठी ही आपलीच भाषा आहे, आणि दोन्ही भाषा नीट आलेलं मूल कुठेही अडत नाही. काही शाळा खरोखरच एकत्र व्हायला हव्यात. एका खोलीत चार वर्ग आणि एक शिक्षक यातून तालीम होत नाही, नुसती हजेरी होते. पण एकत्र करण्याआधी एम्प्रेस मिलचा प्रश्न विचारा. हिला वाचवायला किती लागेल, आणि तेवढे कुणी कधी देऊन पाहिले का? आणि एकत्र केल्यावर जमशेदपूरचा प्रश्न विचारा. जो कमी झाला त्याच्या घरात दरमहा काय पोहोचणार? मुलीसाठी गाडी मिळणार का, तिच्या भाड्याचे पैसे कुठल्या खात्यातून आणि किती वर्षं, हे आदेशाच्याच कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर बघू, असं म्हटलं की ते कधीच बघितलं जात नाही.

रतन टाटांना देवमाणूस करून टाकलं की हे दोन्ही प्रश्न मिटतात, म्हणून मला ते संदेश पुरेसे वाटत नाहीत. आणि भांडवलदार म्हणून एका वाक्यात निकाल लावला तरी मिटतात. ते एक कसलेले कारभारी होते. वरून छाटायला त्यांनी सुरुवात केली, ही त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट. काही ठिकाणी कापलेल्या जागेवर पेस्ट लावली, काही ठिकाणी नाही.

आपल्या संस्थांच्या पुढच्या वार्षिक सभेत निदान तीन ठराव मांडता येतील. पदाधिकाऱ्यांचं वय आणि मुदत घटनेत लिहावी. वर्षाचा जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा, जिथे रिक्षा चालवणारा पालकही वाचू शकेल. आणि कुठलाही वर्ग, शाखा किंवा वसतिगृह बंद करायचं ठरलं तर शेवटच्या विद्यार्थ्याची आणि शेवटच्या शिपायाची सोय आधी नोंदवावी, मगच कुलूप लावावं. यासाठी अब्ज डॉलर लागत नाहीत. एक इतिवृत्ताची वही लागते, आणि अध्यक्षांच्या समोर हात वर करणारे पाच-सहा सभासद.